भोईरमामांचा हात

भोईरमामांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी खुर्चीला चिकटलेला होतो. खुर्चीला चिकटलेली माणसं आमच्या ऑफिसात पुष्कळ आहेत, पण मी खरोखरच चिकटलो होतो. वर्तकनगरात, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी अकरा वाजता, पोपटी रंगाच्या खुर्चीत, हातात ब्रश घेऊन.

त्याचं असं झालं. आई गेल्यावर डोंबिवलीच्या घरातलं जुनं सागवानी सामान माझ्याकडे आलं. एक हातांची खुर्ची, एक स्टूल आणि आईचं कपाट. मेधा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "एवढं चांगलं लाकूड, पण रंग बघ कसा झालाय. कुणाला तरी बोलावून रंगवून घे." मी म्हणालो, "कुणाला कशाला? मी रंगवतो." मेधाने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात मी भिंतीत एकच खिळा मारलेला आहे आणि तो अजून तिरका आहे. पण मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक मुलगी हाताला रंगाचा ठिपकाही लागू न देता अख्खी खुर्ची चाळीस सेकंदांत रंगवते. म्हटलं, आपल्याला फार तर दुप्पट वेळ लागेल.

दुकानदाराने सांगितलं होतं, रंग दोन तासांत सुकतो. दोन तास पाच मिनिटांनी मी खात्री करायला खुर्चीत बसलो. उठायला गेलो तर खुर्चीही उठली. वॉचमन हसू दाबत गेटकडे निघून गेला. मी पुन्हा बसलो आणि आपण मुद्दामच बसलो आहोत असा चेहरा केला. तेवढ्यात शेजारच्या इमारतीतून एक उंच, काळेसावळे, पंचाहत्तरीच्या पुढचे गृहस्थ आले. अंगात पांढरा झब्बा, त्यावर निळे-लाल ठिपके, उजवा हात खिशात. ते माझ्याभोवती एक फेरी मारून आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. डाव्या हाताच्या बोटाने खुर्चीच्या पाठीवर टकटक केलं, कान लावला आणि खुर्चीलाच म्हणाले, "सागवान हाय."

मग मला म्हणाले, "रंग कोनी लावला?"

"मी."

"ह्यो रंग नाय सायेब, ह्यो राग हाय. लाकरानी तुजा काय वाकरा केलेला?"

त्यांच्या बोलण्यात लाकडाचं लाकूर होतं आणि वाकड्याचं वाकरं, पण अर्थ मला अगदी स्वच्छ कळला. त्यांनी माझ्या हातातल्या ब्रशकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ब्रशची कीव करत असतील असं मला वाटलं. "पँट सोर आन् घरी जा," असा सल्ला देऊन ते गेले. मेधाने वरून चादर टाकली, ती गुंडाळून मी लिफ्टने घरी गेलो. पँट दोन दिवस खुर्चीतच बसून होती.

भोईरमामा इथलेच, वर्तकनगर वसायच्या आधीपासूनचे. वडील मिठागरावर होते. मामा लहानपणी मिठाच्या होड्या रंगवायचे, पुढे एका कंपनीच्या रंगखात्यात नोकरी करून निवृत्त झाले. दरम्यान भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या आणि भोईर मंडळी जमीनमालकांची फ्लॅटमालक झाली. घरात कुणी ब्रश हातात धरायची काही गरज उरली नव्हती. मामा मात्र ठिपक्यांचा झब्बा घालून रोज सकाळी चार इमारती फिरायचे आणि कुणी जिन्याखाली टाकलेलं स्टूल, तुटका पाट, बिनदाराचं कपाट दिसलं की थांबायचे. त्यांची नात प्राची घोडबंदर रोडच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. ती वैतागून म्हणायची, "आबा, अरे लोक काय म्हणतील? दारात दोन गाड्या आहेत आणि तू कचऱ्यातून स्टुलं आणतोस!" मामा म्हणायचे, "गारी भंगारात जाते तवा तू आनतेस का उचलून?"

त्या आठवड्यात ते आपणहून आमच्या घरी आले. "तुजी खुर्ची कुठं हाय?" मी आत नेलं. त्यांनी माझ्याकडून तो पोपटी रंग खरवडून घेतला. चार दिवस. स्वतः समोर बसून, उजवा हात खिशात घालून, डाव्या हाताने दाखवत. "इथं. नाय, इथं. अरे, चामरी सोलतोस काय त्याची?" स्वतः त्यांनी ब्रशला हात लावला नाही. मला वाटलं, मालक माणूस, खिशात चाव्या असतील, त्या सांभाळतायत.

लाकडाच्या भेगा बुजवायच्या लेपाला रंगारी लोक लांबी म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "आता लांबी भर." मी टेप आणून खुर्चीची लांबी मोजली आणि कागदावर भरली. मामांनी तो कागद घेतला, नीट घडी केली आणि झब्ब्याच्या वरच्या खिशात ठेवला. नंतर कळलं की पुढचे दोन महिने ते तो ओळखीपाळखीच्या सगळ्यांना काढून दाखवत होते.

त्यांच्या काही सवयी होत्या. रंग सुकला का हे बोटाच्या टोकाने बघायचं नाही, बोटाच्या पाठीने बघायचं. रंग लावलेल्या खोलीत पंखा लावायचा नाही. रंगाचा थर म्हणजे हात, आणि लाकडाला तीन हात लागतात. "पयला हात लाकूर पितो, दुसरा हात लाकूर नेसतो, तिसरा हात लोकांना दाखवाला." दोन हातांच्या मध्ये एक अख्खा दिवस सोडायचा. त्या दिवशी लाकडाकडे बघायचंसुद्धा नाही. आणि चहा अर्धा कप, तोही डाव्या हाताने. मेधा आग्रह करायची, "मामा, भरून देते ना." ते म्हणायचे, "नको. भरलेला कप म्हंजे लोभ." आम्हाला ते फार थोर वाटायचं. मी आठवडाभर अर्धा कप चहा पिऊन पाहिला आणि मग गुपचूप भरून घ्यायला लागलो.

आईच्या कपाटाच्या वेळी मी जरा घोळ घातला. पहिला हात मारून झाला आणि उत्साहाच्या भरात मी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "आईच्या कपाटावर आज पहिला हात मारला. परवा दुसरा मारणार." दोन मिनिटांत डोंबिवलीहून नंदाताईचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन.

"तू आईच्या कपाटावर हात मारलास? मला न विचारता?"

"अगं, पहिलाच मारलाय."

"पहिलाच? म्हणजे अजून मारणार आहेस?"

"मामा म्हणतात, तीन तरी मारायलाच लागतात."

"कोण मामा? अजून कोण कोण सामील आहे तुला? आईच्या साड्या होत्या त्यात!"

"साड्या मी काढून पलंगावर टाकल्यात," मी सहज म्हणालो आणि फोन बंद झाला.

दीड तासाने ताई दारात. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, तिचा आवाज तिसऱ्या मजल्यावर जातो. आई गेल्यापासून आमच्यात तसंही काही ना काही धुसफुसत होतंच. आईला शेवटी कुणाकडे ठेवायचं, कोण जास्त रात्री जागलं, असलं सगळं. कपाट हे निमित्त झालं. मी समजावत होतो, ती रडत होती, मेधा पाणी आणत होती. मामा स्टुलावर बसून सगळं ऐकत होते. मग त्यांनी डाव्या हाताने पॉलिशपेपरचा तुकडा फाडला आणि ताईपुढे धरला.

"ताय, ह्याच्या आतल्या फलीवर घास. परवाचा हात तूच मार. रुसून कपाट काय सुकाचा नाय."

का कोण जाणे, पण ताईने तो तुकडा घेतला. आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि आईच्या कपाटाच्या आतल्या फळ्या घासत राहिलो. खालच्या फळीला अजून डांबरगोळ्यांचा वास येत होता. ताई म्हणाली, "तू लहानपणी ह्यात लपायचास." मी म्हणालो, "आणि तू बाहेरून कडी लावायचीस." आई गेल्यावर आम्ही पहिल्यांदाच न भांडता दोन तास बसलो होतो. मला फार बरं वाटलं. दुसरा हात ताईने मारला, माझ्यापेक्षा चांगला मारला, आणि हे मामांनी तिच्यासमोरच सांगितलं.

पण तिसऱ्या हातापर्यंत मी बराच तयार झालो होतो. मामा आता फारसं ओरडत नव्हते. उलट मला बारीक ब्रश देऊन जुन्या पाटावर सरळ रेघा मारायला लावायचे. रोज दहा. "श्वास सोर आन् वोढ." मी ओढायचो. ते रेघ डोळ्याजवळ नेऊन बघायचे आणि मान हलवायचे. मला वाटू लागलं, ह्यांना माझ्यात काहीतरी दिसलंय. मी ऑफिसात लोकांना लाकडावर व्याख्यानं द्यायला लागलो. कॉन्फरन्स रूमच्या टेबलाला टकटक करून "हे सागवान नाही" असं साहेबांना सांगितलं. मेधाला म्हणालो, "म्हातारा आपली विद्या मला देऊन जाणार बघ. एवढी नातवंडं आहेत, पण निवडलं मला." मेधा म्हणाली, "हो ना. बिचारे."

एप्रिलमध्ये प्राचीचं लग्न ठरलं, मेमधलं. आणि मामा बदलले. सकाळची फेरी बंद झाली. आमच्याकडे आले तरी गप्प. एकदा मी विचारलं, "मामा, लग्नाची काळजी आहे का?" ते म्हणाले, "लग्नाची पोरा करतान. मना पाटाची हाय."

हळदीचा पाट हा भोईरांच्या घरचा रिवाज. घरातल्या प्रत्येक मुलामुलीला हळद लागते ती एकाच पाटावर बसून. दर लग्नाआधी तो पाट नव्याने लाल रंगवायचा आणि त्याच्या काठाने चारी बाजूंना एक पांढरी रेघ ओढायची. ब्रश न उचलता, एका दमात. आणि ती ओढायची घरातल्या सगळ्यांत वडील माणसाने. मामांच्या हळदीला त्यांच्या वडिलांनी ओढली होती. मामांनी आजवर अकरा लग्नांत ओढली. "रेघ तुटली तर काय होतं?" मी विचारलं. "काय नाय व्हत," मामा म्हणाले. "पर लोका बगतान."

हळदीच्या आठवडाभर आधी दुपारी त्यांनी मला त्यांच्या गच्चीवर बोलावलं. टाकीच्या सावलीत पाट ठेवला होता. त्यांनी दाराला आतून कडी घातली. तीन हात मी मारायचे असं ठरलं. पहिला हात, एक दिवस सोडून दुसरा, एक दिवस सोडून तिसरा. दरवेळी कडी. हळदीच्या आदल्या दिवशी लाल रंग बोटाच्या पाठीने तपासून झाला. पांढऱ्या रंगाची वाटी आणि बारीक ब्रश त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"आता रेघ."

"अहो, ती तुम्ही ओढायची ना?"

मामांनी उजवा हात खिशातून काढला. पाच महिन्यांत मी तो पहिल्यांदाच नीट पाहत होतो. तो थरथरत होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर सारखी घासत होती, जणू मीठ चिमटीत घेऊन बघतायत. त्यांनी तो डाव्या हाताने धरला, तर डावाही थोडा हलायला लागला.

"दोन वरसा जाली. घरात कोनाला म्हाइत नाय. सुनेला कललं तं डाक्टर, मंग गोल्या, मंग आबा तुम्ही बसा, आबा तुम्ही हात लावू नका. मी बसनारा मानूस हाय का?"

माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता. खिसा. अर्धा कप. डावा हात. रोजच्या दहा रेघा. मी म्हणालो, "म्हणजे तुम्ही मला एवढं शिकवलंत, ते..."

"मंग काय, तू कलाकार हाय म्हनून? चार इमारती बगल्या. तू खुर्चीला चिकटलेला, घाबरलेला, पर हातातला ब्रश जरा बी हलला नाय. येक ठेंब परला नाय. तुजा डोका चालत नाय सायेब, पर हात हलत नाय."

आयुष्यात मला बऱ्याच जणांनी बरंच काही म्हटलेलं आहे, पण एकाच वाक्यात इतका अपमान आणि इतका सन्मान कुणी केला नव्हता. विद्या-बिद्या काही नव्हती. त्यांना फक्त एक हात हवा होता आणि बाकीचा मी त्याच्यासोबत आलो होतो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्यांच्या त्या हाताकडे पाहिलं आणि स्वतःचं वाईट वाटून घेण्याचीच लाज वाटली.

मी ब्रश घेतला. श्वास सोडला. पहिली बाजू गेली, कोपरा वळला. दुसरी बाजू गेली. मामा माझ्या खांद्याशी वाकून श्वास रोखून बसले होते. तिसऱ्या कोपऱ्यावर वळताना सहज नजर गेली. त्यांचा उजवा हात हवेत माझ्या ब्रशबरोबर वळत होता, रिकामा, थरथरत. आणि ज्या हाताबद्दल आत्ताच इतकं कौतुक झालं होतं तो माझा हात हलला. तांदळाच्या दाण्याएवढी रेघ आत गेली. मी तशीच पुढे ओढून संपवली आणि फडकं उचललं.

"ऱ्हाऊंदे," मामा म्हणाले. "पुसशील तं तिनी कोपरे जातील. हलदीत कोन बगतो."

हळदीला सगळे बघत होते. मांडवात चारेकशे माणसं, डीजेचा दणदणाट, पिवळे झब्बे, पिवळ्या साड्या. मी आणि मेधा एका खांबाशी उभे होतो आणि मी पाटाकडे न बघायचा प्रयत्न करत होतो. प्राची पाटावर बसायच्या आधी मामांची धाकटी बहीण, हिराआत्या, पुढे आल्या. हिराआत्यांनी रिवाजाप्रमाणे पाटाला हळदीचं बोट लावलं आणि त्यांचं बोट काठाने फिरत फिरत तिसऱ्या कोपऱ्यावर थांबलं.

"दादा, हात हलला रं तुजा?"

नेमका तेव्हाच डीजेवाला पुढचं गाणं शोधत होता. वाक्य अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं. मामांचा मुलगा पुढे येऊन बघायला लागला. सून बघायला लागली. मी दोन पावलं पुढे गेलो. सांगून टाकायचं ठरवलं होतं की तो कोपरा माझा आहे, मीच घोळ घातला. तोंड उघडलं आणि मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

मामांनी उजवा हात खिशातून काढला आणि सगळ्यांसमोर वर धरला.

"व्हय. हलतो आता. दोन वरसा जाली."

मुलगा "आबा..." एवढंच म्हणाला. प्राची मात्र सरळ पाटावर बसली, तिने आबांचा तो हात धरला, हळदीच्या वाटीत बुडवला आणि आपल्या गालावर ठेवला. हात थरथरला. हळद गालावरून कानावर, कानावरून भुवईवर, नाकावर, तिथून समोर बसलेल्या हिराआत्यांच्या चष्म्यावर उडाली. आधी प्राची हसली, मग मामा. हिराआत्या चष्मा पुसत म्हणाल्या, "असाच हात पायजे हलदीला. आमचे हात उगीच हलत नायत." मांडव हसला आणि डीजेवाल्याला गाणं सापडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी हळदीच्या नावावर खपवलं.

जेवताना मामा माझ्या शेजारी येऊन बसले. पानात वाकून म्हणाले, "तेवरा कोपरा माझ्या नावावर चरवला. सातबाऱ्यावर. आता बदल करू नको."

लग्नानंतर मुलाने त्यांना डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि मामांना वाटली होती तशी "आबा तुम्ही बसा" ही भानगडही सुरू झाली. दोन महिन्यांत ते वैतागून खडवलीला निघून गेले. तिथे त्यांची थोडी शेती आणि एक घर आहे, हिराआत्या तिथेच असतात. "तिकरं कोन मना बसवत नाय," असा निरोप आला.

मी एकदा गेलो भेटायला. घराला लाकडी फाटक, आत अंगण, अंगणात मामा. त्यांनी आत हाक मारली, "हिरे, सायेब आलेत. दोन चाय दे. माजा भरून दे." कप आला. त्यांनी उजव्या हातात धरला. अर्धा बशीत गेला, थोडा झब्ब्यावर, उरलेला त्यांनी मजेत प्यायला. मी बघतोय हे बघून म्हणाले, "सांडला तं सांडला." मी त्यांना सांगितलं की आईचं कपाट उत्तम चाललंय, ताई दर रविवारी येते, आणि ऑफिसात मी आता टेबलांना टकटक करत नाही. "बरा केलास," ते म्हणाले. "लोका कामं करतान तिथं."

संध्याकाळी निघालो. मामा अंगणातच बसले होते. फाटकाच्या अलीकडे मी मागे वळलो, तर त्यांचा उजवा हात वर होता आणि हलत होता. आता त्यांचा हात तसाही हलतोच, त्यामुळे तो निरोपाचा होता की त्याचा आपला होता हे सांगता येणार नाही. मीही हात वर केला आणि नीट दिसावं म्हणून दोन पावलं मागे सरलो. पाठ फाटकाला टेकली. फाटक ओलं होतं.

मामा खुर्चीतून अर्धे उठून ओरडले, "अरे सायेब, सकालीच मारलाय! मी मारलाय, सोता!"

"कितवा हात?" मी विचारलं.

"पयला!"

मेधाने तो शर्ट टाकून द्यायला काढला होता, मी परत आणला. निळा पट्टा आहे, खांद्यापासून कमरेपर्यंत, वाकडातिकडा, दोन ठिकाणी तुटलेला. आईच्या कपाटात ठेवलाय मी तो. त्याच्या पाठीवर भोईरमामांचा हात आहे.